रविवारची आंघोळ

हारान मिस्त्रीने हातोड्याचा दांडा चौबच्च्याच्या भिंतीवर तीन ठिकाणी वाजवला, कान लावला, आणि भिंतीकडेच बघत बंगालीत म्हणाला, "दिदिमोनी, हा मरायला तयार नाही."

"त्याला कोणी विचारलंय?" रजनी म्हणाली.

"जुन्या चुन्यातलं काम आहे. फोडायलाच दोन दिवस जातील."

"तीन घे. पण फोड."

कोजागिरी होऊन तीन दिवस झाले होते. बंगाल्यांची लक्ष्मीपूजा त्याच रात्री आटोपली होती, म्हणजे हारान भाऊबीजेपर्यंत मोकळा होता. त्यानंतर तो कॅनिंगच्या पलीकडे आपल्या गावी भातकापणीला जाणार आणि पौष उजाडल्याशिवाय सियालदहला उतरणार नाही, हे कलकत्त्याच्या भवानीपुरातल्या सगळ्या जुन्या घरांना ठाऊक होतं. चाळीस वर्षं मुलींना भूगोल शिकवलेल्या रजनीने पंचांग आणि भातशेती दोन्ही जमेला धरून हा रविवार निवडला होता.

मायदेवांच्या घरात कोण काय बोलतं यापेक्षा कोण कुठे उभं राहतं हे बघावं, अर्ध्याहून जास्त कळतं. न्हाणीघराच्या दारात सुयश उभा होता, एक पाय आत, एक बाहेर, हातात फोन. रजनीआत्याला दुखवायचं नव्हतं आणि काम सुरूही होऊ द्यायचं नव्हतं, त्यामुळे ही जागा त्याला बरी होती. त्याची बायको श्रुती मोजपट्टी घेऊन मागे होती. ती कुणाच्या बाजूने हे तिने सांगितलं नव्हतं, आणि वीस वर्षांच्या संसारात हे तिचं सगळ्यात मोठं भांडवल होतं. त्यांची मुलगी ईशा थेट आत, पायरीवर उकिडवी बसून लाल फरशीचे फोटो काढत होती. आणि सुयशचे वडील भालचंद्र, वय शहात्तर, या घराचे अर्धे मालक, बाहेर जेवणाच्या टेबलाशी मांडीवर कापडी पिशवी घेऊन एखाद्या स्टेशनावर बसावं तसे बसले होते.

"रजनीआजी, हे तोडायचं नाही," ईशा म्हणाली. तिचं मराठी घरापुरतं होतं आणि घरातही रविवारपुरतं. "ही फरशी बघ ना, किती सुंदर झाला आहे. लोक पैसे देऊन असा करून घेतात आता. आणि हा चौबच्चा! कुठे राहिलाय का आता?"

"नाही राहिला. कारण लोकांना गुडघे असतात," रजनी म्हणाली.

चौबच्चा म्हणजे हौद. मायदेवांकडे तीन पिढ्या त्याला बंगाली नावानेच हाक मारत. रजनीच्या वडिलांनी, अण्णांनी, हा पहिला मजला विकत घेतला तेव्हा न्हाणीघराची अर्धी जागा या विटांच्या हौदाने अडवलेली होतीच. अण्णांनी फक्त त्याच्या काठावर काळ्या दगडाची रुंद लादी बसवली. सकाळी कॉर्पोरेशनचं पाणी यायचं, हौद भरायचा, आणि लादीवर बसून तांब्याने पाणी घ्यायचं. हौदापुढे उरलेली जागा एका माणसाची, आणि तिच्या टोकाला बाहेर पडायला एक उंच पायरी. आषाढात त्या पायरीवर, घरात एकट्या राहणाऱ्या रजनीचा पाय सरकला होता. चाळीस मिनिटं ती हौद आणि दार यांच्या मध्ये पडून होती. कुणालाही सांगणार नव्हती. तळमजल्यावरच्या दासबाबूंनी सुयशला फोन केला. डॉक्टरांचं म्हणणं सरळ होतं: पायरी जाते किंवा बाई जातात.

म्हणून आजची बैठक. चौबच्चा काढायचा, पायरी सपाट करायची, कमोड, खरखरीत फरशी, भिंतीला दोन पकडायचे दांडे. पण त्याला भालचंद्र लागणार होते. अण्णांचा दंडक होता: घरात काहीही फोडायचं तर थोरल्याने आधी नारळ फोडायचा आणि मग हातोड्याचा पहिला घाव स्वतः घालायचा. धार्मिक कारण अण्णांनी कधी सांगितलं नाही. एकदाच म्हणाले होते, "पहिला घाव आपण घातला की पुढे मिस्त्रीच्या नावाने आणि भावंडांच्या नावाने बोटं मोडता येत नाहीत."

नारळ टेबलावर ठेवला होता. त्याच्या शेजारी हातोडा. भालचंद्रांनी दोन्हीकडे बघणं टाळलं होतं.

"पोहे खाऊन घेऊ आधी," ते म्हणाले.

*

पोहे होईपर्यंत मापं घेते म्हणून श्रुती एकटी न्हाणीघरात गेली.

तिला मापांशी काही देणंघेणं नव्हतं. तिला मोजायची होती ती पुढची अडचण. हारानने पंधरा दिवस सांगितले होते; दिवाळीला अकरा उरले होते. म्हणजे नरकचतुर्दशीला इथे सिमेंटच्या गोणी असणार, आणि अण्णांच्या वेळेपासून याच लादीवर होणारी सगळ्या मायदेवांची पहिली आंघोळ यंदा न्यू टाउनला तिच्या घरी येणार. पांढऱ्याशुभ्र फरशीवर तेल, उटणं, आणि पायाखाली चिरडलेलं ते फळ. मुळात ते असतं कारीट. कलकत्त्यात कारीट मिळेना म्हणून अण्णांनी पहिल्याच वर्षी जदुबाबूच्या बाजारातून तोंडली आणली. तेव्हापासून इथे नरकासुर तोंडल्याच्या रूपाने मरतो, आणि राहिलेली पावभर तोंडली दुपारी भाजीत जातात. श्रुती नाशिकहून लग्न होऊन आली त्या पहिल्या दिवाळीला तिला हसू आवरलं नव्हतं.

मोजपट्टी लावताना तिचं लक्ष कोनाड्याकडे गेलं.

कोनाड्यात दोन साबण होते. एक रजनीआत्यांचा, हिरवा, डबीत. दुसरा चंदनाचा, उघडा, झिजून पिंपळपानाएवढा पातळ झालेला. शेजारी दाढीचा ब्रश, त्याच्या मुठीला तांबडा दोरा. हा दोरा श्रुतीच्या सासूबाईंनी बांधलेला. हेमाताईंना जाऊन पाच वर्षं झाली.

ती लादीवर बसली. हातातली मोजपट्टी खट्‌कन मिटली.

न्यू टाउनच्या घरी बाबांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, बाथरूममध्येही चंदनाचाच साबण होता. तिने तो गुढीपाडव्याला ठेवला होता. आता आश्विन संपत आला आणि त्याच्यावरची अक्षरं अजून वाचता येत होती. दोन महिन्यांपूर्वी हे लक्षात आलं तेव्हा तिने स्वतःची समजूत घातली, की बाबा दुसरं काहीतरी वापरत असतील. शॉवरचा आवाज रोज यायचा. सहाला सुरू, सहा-दहाला बंद. पण पंचा दोरीवर कोरडा, कडक, घडी न मोडलेला. आणि एकदा दार नीट लागलं नव्हतं तेव्हा तिने नको असताना पाहिलं होतं: शॉवर चालू, काचेच्या आत कुणी नाही, आणि बाबा काचेच्या बाहेर, बेसिनला एका हाताने घट्ट धरून ओल्या फडक्याने मान पुसत उभे.

ती कुणालाही बोलली नव्हती. सुयशला तर नाहीच. ते बाथरूम सुयशने आपल्या बोनसमधून केलं होतं, बाबांसाठी म्हणून, बाबा यायच्या आधी. पाहुण्यांना तो अजूनही दाखवत असे.

आणि दर रविवारी सात वाजता बाबा पिशवी घेऊन रजनीआत्याला भेटायला निघत. सुयश म्हणायचा, "एवढं काय बोलतात भाऊबहीण दर आठवड्याला?" श्रुतीने आता कोनाड्यातला पिंपळपानाएवढा साबण पाहिला आणि तिला कळलं, की फार काही बोलत नसतील.

*

"घाई काय आहे?" पोह्यांची बशी बाजूला सारत भालचंद्र म्हणाले. "दिवाळी होऊन जाऊ दे. मग बघू."

"दिवाळीनंतर हारान नाही."

"दुसरा मिस्त्री बघू."

"दादा, मागच्या दोन दुसऱ्या मिस्त्रींनी काय केलं ते तुला माहीत आहे. एकाने दासबाबूंच्या छतातून आपला पाइप काढला होता."

"मला वाटतं बाबा बरोबर म्हणतायत," सुयश म्हणाला. वडील बरोबर म्हणतात असं त्याला गेल्या तीन वर्षांत पहिल्यांदा वाटत होतं, आणि ते टेबलावरच्या प्रत्येकाने मनात टिपून ठेवलं. "कशाला आता त्रास? आत्या, अगं तुझी खोली तयार आहे आमच्याकडे. लिफ्ट आहे, खाली दवाखाना आहे. आणि सगळ्यांचे मजले घेणाऱ्या त्या प्रोमोटरला कालीपूजेपर्यंत उत्तर द्यायचंय. दासबाबूंची सही झाली, वरच्या सेनगुप्तांची झाली. तू आणि बाबा, दोनच राहिलात."

"तरीच म्हटलं," रजनी म्हणाली, "पोहे न खाता थंड का होतायत."

"मी वाईटासाठी सांगतोय का? चाळीस मिनिटं पडून होतीस! दासबाबू घरात नसते तर?"

रजनीने त्याच्या बशीत लिंबू पिळलं. सुयश खोटं बोलत नव्हता. प्रोमोटरचा हिशेब त्याने केला होता हे खरं. पण आषाढातल्या त्या फोननंतर तो आठवडाभर नीट झोपला नव्हता, हेही खरंच होतं. माणूस एकाच वेळी दोन्ही असू शकतो, आणि मायदेव तर नेहमीच असतात.

"मी आबांच्या बाजूने," ईशाने आजोबांकडे बघत हात वर केला. "चौबच्चा ठेवायचा. तो इतिहास आहे."

तिघं एकीकडे झाले. हारान दाराशी बिडी न पेटवता नुसती बोटांत फिरवत बसला होता. मराठी त्याला कळत नव्हतं, पण किती हात कुठे वर आहेत ते कळत होतं.

रजनीने चहाचा घोट घेतला. वर्गात गोंगाट वाढला की ती आवाज खाली आणायची, तसं हळू म्हणाली, "दादा, तू हे करतोयस ते चौबच्च्यासाठी. कळतंय मला. पण नीट बघ. हे न्हाणीघर असंच राहिलं तर डॉक्टर मला इथे राहू देणार नाहीत. मी गेले की हे घर रिकामं. रिकाम्या घरावर सही करायला तू किती दिवस नाही म्हणशील? तुझा मुलगा चांगला आहे, तो रोज प्रेमाने विचारेल. चौबच्चा वाचवलास, तर चौबच्च्यासकट घर जाईल. प्रोमोटर काही लादी बघून थांबायचा नाही."

"एक मिनिट," ईशा म्हणाली. "म्हणजे पूर्ण बिल्डिंग तोडणार? जिना पण? बाबा, तू मला असं सांगितलं नव्हतंस!" तिने वर केलेला हात खाली घेतला आणि आत्याआजीच्या बाजूला खुर्ची ओढली. "मग आजी, तू तोड. आजच तोड."

"दोन मिनिटांपूर्वी इतिहास होता," सुयश पुटपुटला.

भालचंद्र पिशवीचे बंद बोटांना गुंडाळत होते. त्यांना रजनीचं म्हणणं पटलं होतं. ती बोलायच्या आधीपासून पटलेलं होतं. पण रविवार गेला तर उरलेला आठवडा कसा काढायचा हे त्यांना समजत नव्हतं. आयुष्यभर त्यांनी नाना तऱ्हेची न्हाणीघरं पाहिली. गार्डन रीचला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये तर क्रिकेट खेळता येईल एवढं होतं, साहेबाच्या काळातल्या लोखंडी टबासकट. हेमाने त्या टबात लोणच्याच्या कैऱ्या धुतल्या. तिथे कधी भीती वाटली नाही. पण न्यू टाउनच्या त्या काचेत पाणी एकदम डोक्यावर कोसळतं, डोळे मिटावे लागतात, आणि डोळे मिटले की पायाखालची जमीन कुणीतरी काढून घेतल्यासारखी होते. बसायला जागा नाही. धरायला काच. पोराने हौसेने केलेलं. कसं सांगायचं? रजूला सांगितलं नव्हतं, तिनेही विचारलं नव्हतं. एका रविवारी कोनाड्यात चंदनाचा साबण ठेवलेला दिसला, एवढंच.

"हारानदा," श्रुती एकदम बंगालीत म्हणाली, "आमच्या न्यू टाउनच्या घरी दोन दिवसांचं काम आहे. कराल का? दिवाळीच्या आधी."

"कसलं काम?" सुयशने विचारलं.

"बाथरूमचं. कोपऱ्यात बसायला एक कट्टा बांधायचा. खाली एक नळ, बादली राहील असा. भिंतीला दांडा. आणि ती काच काढायची."

"काच? तीन वर्षं नाही झाली त्या काचेला! कुणाला पाहिजे कट्टा?"

"मला. माझी पाठ दुखते. उभ्याने आंघोळ होत नाही."

"तुझी? मग आपलं बाथरूम कर ना. बाबांचं कशाला?"

"त्यात उजेड चांगला येतो," श्रुती म्हणाली, आणि नवऱ्याकडे न बघता भालचंद्रांच्या बशीत आणखी पोहे वाढले. "शिवाय यंदा दिवाळीची पहिली आंघोळ आमच्याकडे आहे ना? तोंडलं कुठे चिरडणार, काचेत? बाबा, चालेल ना तुम्हाला? तुमची थोडी गैरसोय होईल."

भालचंद्रांनी सुनेकडे पाहिलं. ती पोह्यांवर खोबरं घालण्यात गुंतली होती.

"चालेल," ते म्हणाले. जरा वेळाने म्हणाले, "तुझी पाठ फार दुखते का?"

"सात-आठ महिने झाले, बाबा. मला आधीच बोलायला हवं होतं."

रजनीने काहीच न कळल्यासारखा चेहरा केला. तो चेहरा तिला इतका चांगला जमत असे की शाळेत तिच्यापुढे कॉपी करणाऱ्या मुली आपणहून उठून उभ्या राहत.

*

"हारान, मला अर्धा तास दे," असं म्हणून भालचंद्र पिशवी घेऊन उठले आणि न्हाणीघराचं दार लावून घेतलं.

"हे काय? आंघोळ?" सुयश म्हणाला. "सकाळी झाली की त्यांची. शॉवर ऐकला मी."

श्रुती बशा उचलू लागली.

आतून तांब्याचा आवाज आला. बुडताना बुडबुडा, मग पाणी अंगावरून लादीवर, लादीवरून फरशीवर. मग थांबणं, साबण. मग पुन्हा बुडबुडा. मध्येच स्तोत्रासारखं काहीतरी, अर्धवट. सुयश पाच वर्षांचा असताना बाबांनी त्याला याच चौबच्च्यात नाक धरून बुडी मारायला शिकवलं होतं. तेव्हा कळायचं, आत बाबा आहेत. न्यू टाउनला रोज सहाला पाणी पडायचं ते एकसारखं, दहा मिनिटं, मध्ये खंड नाही, माणसाच्या अंगावर अडल्याची खूण नाही. आत कुणीच नसल्यासारखं.

फोन वाजला. प्रोमोटर. सुयशने पडदा उपडा करून फोन टेबलावर ठेवला आणि स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभा राहिला.

"श्रुती."

"हं."

"तुझी पाठ दुखते?"

"नाही," श्रुती बशी विसळत म्हणाली.

त्याने विसळलेली बशी तिच्या हातातून घेतली. "कट्टा केवढा उंच लागेल?" त्याने विचारलं.

"हारानला कळतं. तू मध्ये पडू नकोस."

भालचंद्र बाहेर आले तेव्हा केस ओले होते, गळ्यात पंचा होता आणि हातापायांना चंदनाचा वास येत होता. चौबच्च्याच्या तळाच्या भोकात कोंबलेली चिंधी त्यांनी स्वतःच ओढली होती. मोरीतून पाणी जाण्याचा आवाज येत राहिला. त्यांनी नारळ उंबऱ्यावर फोडला, अर्धा हारानच्या हातात दिला, आणि हातोडा उचलला. शहात्तर वर्षांच्या हातात बळ किती? नखाएवढी खपली उडाली.

"झालं," हारान म्हणाला. "आता हा माझा."

"थांब, काठाची लादी आधी सोडवून घे," रजनी म्हणाली. "सांभाळून. अख्खी निघाली पाहिजे."

"दिदिमोनी, तुम्हाला तर सगळं नवीन पाहिजे होतं."

"मला नवीनच पाहिजे. लादी न्यू टाउनला जाईल. कट्ट्यावर." तिने भाच्याकडे पाहिलं. "सूनबाईंच्या पाठीला."

सुयश मान खाली घालून हसला. "आत्या, प्रोमोटरला काय सांगू?"

"सांग, बाथरूमचं काम काढलंय. कलकत्त्यात असं सांगितलं की माणूस वर्षभर परत विचारत नाही."

लादी अख्खी निघायला दुपारचे दोन वाजले. ती जिन्यावरून खाली न्यायला सुयशने एक बाजू धरली, हारानने दुसरी, आणि ईशाने पुढे राहून फोटो काढत दोघांच्या वाटेत येण्याचं काम केलं. श्रुतीने कोनाडा रिकामा केला. दाढीचा ब्रश आणि चंदनाचा साबण कागदात गुंडाळून ती बाबांच्या पिशवीत ठेवायला गेली, तर पिशवीत पितळी तांब्या आधीच कुणीतरी ठेवलेला होता.

भालचंद्र चपला घालत होते. रजनी दाराच्या चौकटीला धरून उभी होती.

"पुढच्या रविवारी इथे नुसती धूळ असेल," ती म्हणाली. "आणि त्याच्या पुढच्या रविवारपासून तुला यायचं काही कारण उरत नाही."

"तेच बघतोय."

"मग? काय निमित्त काढणार?"

भालचंद्रांनी दुसरी चप्पल सावकाश घातली. आत हारानचा दुसरा घाव पडला, आणि हा पहिल्यासारखा नव्हता. खिडक्यांची तावदानं थरथरली. ते तो आवाज विरेपर्यंत थांबले.

"तुझे दांडे पक्के बसलेत का ते बघायला येत जाईन," ते म्हणाले. "थोरला आहे मी. दर आठवड्याला बघावं लागेल."

"सातला निघ," रजनी म्हणाली. "चहा टाकून ठेवते."